म्यानातलं मीठ

१

कोणी म्हणजे कोणी विनोदिनीचं खरं मानलं नाही. भाऊ हसला. भावजयीनं समता कॉलनीतल्या डॉक्टरचं नाव काढलं. आणि भाची, जिला मराठी सगळं कळतं पण बोलायची लाज, ती म्हणाली, "बुआ, आप सीरियल कम देखा करो." एकानं तरी उठून म्यानाला बोट लावून पाहावं की नाही? छे. चौथीतून शाळा सोडलेली बाई, तिचं काय ऐकायचं, हे त्यांचं आधीच ठरलेलं. अहो, शाळा सोडली म्हणून जिभेला मीठ कळायचं थांबतं का?

झालं ते असं. तेलीबांध्याच्या तळ्यापासून थोडं आत भावाचं, निरंजनचं नवं घर. राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरायला लागलं, आणि इकडच्या धानाच्या शेतांत दुमजली घरं उगवली. त्यातलंच हे एक. बैठकीत काचेचं कपाट, आणि कपाटात ती तलवार. समुद्रात जहाज वाचवलं म्हणून नागरिक समितीनं निरंजनला भर सभेत दिलेली. चांदीची मूठ, मुठीवर नांगर, लाल मखमलीचं म्यान, म्यानावर चांदीच्या पत्र्याच्या लाटा. त्या ठोकणाऱ्या कारागिरानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्याच्या लाटा माशाच्या खवल्यांसारख्या दिसत. पण नव्या राज्याला एक शूर माणूस पाहिजे होता, आणि ज्या राज्याला समुद्राचा थेंब नाही त्याला नौदलाचा अधिकारी मिळाला, मग काय, हौसेला मोल नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी विनोदिनी घर झाडत-पुसत कपाटापाशी आली. ते कपाट ती मोलकरणीला पुसू देत नसे. म्यान उचललं तर मखमल ओली. घाम फुटल्यासारखी. तिनं हात पदराला पुसले आणि पुन्हा लावले. ओलीच. म्यानाच्या तोंडाशी, जिथं मूठ बसते तिथं, पांढरा पापुद्रा धरलेला. बुरशी असेल, तिला वाटलं. नाहीतर भावजयीनं, अनुश्रीनं पॉलिश लावलं असेल. नखानं खरवडून तिनं वास घेतला. मग, काहून कोण जाणे, जिभेला लावलं.

मीठ. नुसतं मीठ नाही, कडवट मीठ.

२

निरंजन तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. बाप यशवंतराव, रेल्वेत फिटर, अमरावतीकडून रायपूरला आलेला. पोट्ट्याला सांभाळणार कोण? विनोदिनीचं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. तिनं त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, धपाटे दिले आणि शाळेत पाठवलं. पुढं ती लग्न होऊन गेली, आणि नवरा वारल्यावर कडेवर मुलाला, अच्युतला घेऊन बापाच्या त्याच रेल्वे क्वार्टरात परत आली. अच्युत मामाचं शेपूट धरून वाढला. मामा नौदलात अधिकारी झाला, तर भाचा मेकॅनिक म्हणून भरती झाला. आणि शेवटी दोघं एकाच जहाजावर, एकाच इंजिनघरात आले. विनोदिनीनं तेव्हा पेढे वाटले होते. मामा आहे म्हटल्यावर काळजी कसली?

सत्कारात निरंजन सांगे ती गोष्ट आता बूढापारा मोहल्ल्यातल्या पानवाल्यालाही पाठ होती. भर समुद्रात पाईपाची दुरुस्ती निघाली. पाईप खोलण्याआधी समुद्राकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा असतो. तो उघडा राहिला. पाणी धो धो आत आलं. निरंजननं लोखंडी दार ओढून लावलं, आणि त्या एका दारामुळं जहाज तरलं, शेकडो माणसं वाचली. आत चौघं होते, पण ते तोवर गेलेलेच होते. "आणि व्हॉल्व्ह कोणी उघडा ठेवला?" सभेतून कोणी विचारी. इथं निरंजन मान खाली घाली, घोटभर पाणी पिई आणि म्हणे, "माझ्या सख्ख्या भाच्यानं. चूक ती चूक. मी लपवत नाही." मग टाळ्या आणखी जोरात वाजत.

अच्युतची शवपेटी आली ती खिळे ठोकून. "उघडू नको ताई, पाहवणार नाही," निरंजन म्हणाला, आणि तिनं ऐकलं. तिथंच चुकलं का, हे ती नंतर भांडी घासता घासता हजारदा स्वतःला विचारत असे. मुलगा मेला हे दुःख तिनं गिळलं असतं. पण हळदीकुंकवाला गेली की बायका बोलता बोलता गप्प होत. एकदा एक जण तर तिच्या पाठीमागं म्हणाली, "हिच्याच पोट्ट्यानं बाकीच्यांना खाल्लं म्हणते." ते गिळवत नव्हतं. आणि राहणं त्याच भावाच्या घरी, जेवणं त्याच्याच ताटात. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून ती गप्प होती.

३

विनोदिनी म्हणजे भूतखेत मानणारी बाई नव्हे. तिनं आधी सगळे साधे रस्ते तपासले. म्यान उन्हात वाळवलं. कपाटाखालची फरशी ठोकून पाहिली, नळ कुठं झिरपतो का. कपाटात जुना पेपर अंथरला आणि चावी स्वतःच्या कमरेला खोचली.

माळ बदलायच्या गडबडीत तिला विसर पडला. मग आठवण झाली तेव्हा उघडून पाहिलं, तर पेपरवर म्यानाच्या लांबीचा ओला डाग, आणि डागाच्या कडेला मिठाची पांढरी रेघ. तळ्याचं पाणी गोडं. बोअरचं पाणी जड, पण गोडं. आणि ही तलवार तर इथलीच, रायपूरची. समुद्र तिनं सोनाराच्या दुकानातल्या कॅलेंडरवर पाहिला असेल तेवढाच. मग हे पाणी आणलं कोणी?

दुपार होती. अनुश्री मंत्रालयात कामावर, भाची निधी कॉलेजात, निरंजन समितीच्या बैठकीला. मंडपातला भोंगाही जेवणासाठी बंद झालेला. लाईट गेली, कूलर घरघर करत थांबला, आणि त्या शांततेत तिला ऐकू आलं.

टकटक. आणि जरा थांबून, टक.

विनोदिनीच्या हातातलं फडकं खाली पडलं. क्वार्टराच्या दाराला कोणीही पोट्टं येऊन कडी वाजवी, म्हणून अच्युतनं स्वतःची खूण ठरवली होती. दोन घाईघाईत, मग दम खाऊन एक. हातातलं पीठ न धुता ती दार उघडायला धावायची.

आवाज कपाटातून येत होता. चांदीचा नव्हता, लाकडाचा नव्हता. रिकाम्या टाकीवर आतून मुठीनं ठोकावं तसा, जाड, लांबून येणारा. एवढ्याशा म्यानात एवढी जागा कुठून आली? तिनं काचेला कान लावला. काच गार पडलेली.

"कोण आहे?" ती म्हणाली.

आवाज थांबला. कोणी ऐकतंय हे आतल्याला कळल्यासारखा. आणि मग सुरू झाला तो थांबेचना. टकटक, टक. टकटक, टक. आता त्यात दम खायला उसंत नव्हती.

ती स्वयंपाकघरात पळाली, नळ पूर्ण सोडला आणि त्या धारेपाशी कानावर हात ठेवून बसली. लाईट आली, कूलर सुरू झाला, तरी ती उठली नाही.

४

रात्रीच्या जेवणाला तिनं विषय काढला.

"मीठ येऊन राहिलं त्याच्यातून. अन् आज आवाजही आला."

"ताई, बीपीची गोळी घेतली का?" निरंजननं हसत वरणावर तूप ओतलं.

"वन्सं, खरंच, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ," अनुश्री म्हणाली.

"दीमक होगी, पापा," निधी मोबाईलमधून डोकं न काढता बोलली. "लकड़ी में होती है तो आवाज़ करती है."

"वाळवी खारी असते काय ओ, शाहणे?" विनोदिनी कडाडली. "बोलता मराठी येत नाही, अन् अक्कल मले शिकवते!"

निधी फिसकन हसली. निरंजनही हसला. तेव्हा विनोदिनीनं चमचा उचलला आणि ताटाच्या काठावर वाजवून दाखवला. टकटक. टक.

निरंजनचा घास तोंडापाशी थांबला.

जहाजावर गेल्यापासून तो घरातही शुद्ध बोले, साहेबासारखा. "तुला", "मला", "कशासाठी". पण त्या वेळी त्याच्या तोंडून निघालं ते क्वार्टरातलं.

"हे तुले कोणी सांगितलं?"

"काय कोणी सांगितलं?"

"हे... हे ठोकणं."

"अच्युतचं ठोकणं ते. क्वार्टरातलं. मले कोण सांगणार? मी त्याची माय हाओ." ती त्याच्याकडे बघत राहिली. "पण तू असा पांढरा काहून पडला रे, निरू?"

त्यानं ताटातच हात धुतला. ताटात हात धुतलेला त्याला लहानपणी चालत नसे. लक्ष्मी जाते म्हणून तिनंच त्याला बजावलेलं. तो उठला, बैठकीत न जाता भिंतीच्या कडेनं वळसा घालून जिन्याकडे गेला. कपाटासमोरून जाणं त्यानं टाळलं.

विनोदिनी बसल्या जागी सगळं समजली. आतले चौघं तोवर गेलेले होते म्हणतो हा. गेलेली माणसं दार ठोकतात का? आणि हे खोटं, तर व्हॉल्व्हचं तरी खरं कशावरून?

तिनं खरकटी ताटं उचलली.

५

खंडेनवमीला हत्यारं पुजायची ही यशवंतरावांची शिस्त. फिटर माणूस, पाने, हातोडी, कानस, सगळं धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूच्या फुलांत मांडायचा, आणि त्या दिवशी कशालाही कामाला लावायचा नाही. अच्युतच्या सामानातून त्याचा एक पाना परत आला होता, दांड्याला त्याच्या हातानं गुंडाळलेली काळी चिकटपट्टी. विनोदिनी दरसाल तो आपल्या खोलीत, खिडकीच्या कठड्यावर पुजत असे. गुपचूप.

या वर्षी बेत मोठा होता. समितीचे हिरालालजी चार माणसं आणि फोटोवाला घेऊन येणार होते. शूर सुपुत्राच्या घरी शस्त्रपूजा. अष्टमीला संध्याकाळी अनुश्री देवघरात चौरंग मांडत होती. विनोदिनीनं पदराखालून पाना काढला आणि तलवारीची जागा सोडून बाजूला ठेवला.

निरंजन दारात उभा होता.

"ते उचल."

"काहून?"

"ताई, उद्या लोक येणार. फोटो निघणार. ज्याच्या हलगर्जीनं माणसं मेली त्याचा पाना माझ्या तलवारीशेजारी? लोक काय म्हणतील?"

"देवाघरी हत्याराले जात असते का रे? बाबा कानसही पुजत."

"बाबांची गोष्ट वेगळी." त्यानं वाकून स्वतः पाना उचलला, दोन बोटांत, मेलेला उंदीर उचलावा तसा, आणि तिच्या हातात दिला. "तुझ्या खोलीत काय करायचं ते कर. इथं नको."

अनुश्री खाली बघून फुलं निवडत राहिली.

विनोदिनीला वाटलं होतं आपण ओरडू. त्याऐवजी तिनं पाना छातीशी धरला. पट्टी ओली लागली. तिनं बोट जिभेला लावून पाहिलंसुद्धा नाही. गरजच नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "उद्या पाहू, कोणाची जागा कुठं ते."

६

नवमीला दहाच्या सुमारास माणसं आली. हिरालालजी बूढापाऱ्यातले कापडवाले, पोट पुढं, मनानं चांगले. "दीदी, आप तो वीर की बहन हैं," म्हणत विनोदिनीच्या पाया पडायला वाकले. तिनं पडू दिलं.

तलवार चौरंगावर ठेवली, म्यानासकट. अनुश्रीनं हळदीत बोट बुडवलं.

"थांब," विनोदिनी म्हणाली. "म्यान पुजत नसतात. पातं पुजतात. हिरालालजी, तुमच्यात कसं करतात?"

"हव, सही बात है," हिरालालजींनी मान डोलावली. "शस्त्र तो नंगा ही पूजा जाता है. साहब, निकालिए."

निरंजनच्या कपाळावर घाम आला. "अटकली आहे थोडी. असू द्या."

"नेव्हीच्या साहेबाले तलवार निघत नाही?" विनोदिनी मोठ्यानं हसली, तशी सगळी हसली. "मूठ पुसायची असेल, तेल लावायचं असेल. असं कर निरू, तू आत बसून निवांत काढ. आम्ही बाहेर बसतो. पातं मोकळं झालं की हाक मार."

चार लोकांपुढं नाही कसं म्हणणार? सगळी बैठकीत सरकली. देवघर म्हणजे जिन्याखालची खोली, खिडकी नाही, नळ नाही. सागवानी दार, दाराला डोळ्याच्या उंचीवर पितळेची जाळी, आणि मांजर शिरतं म्हणून बाहेरून कडी. आत समई तेवत होती. विनोदिनी शेवटी निघाली. निघताना तिनं अच्युतचा पाना चौरंगावर ठेवला, तलवारीला चिकटून.

"ताई, मी काल काय सांगितलं?"

तिनं दार ओढलं आणि कडी घातली.

७

बैठकीत चहा फिरत होता. कडीचा आवाज कोणी मनावर घेतला नाही. विनोदिनी दाराला पाठ लावून उभी राहिली, हात मागं, बोटं कडीवर.

आधी पातं सरकल्याचा आवाज आला. लांब, ओला. मग निरंजननं दारावर थाप मारली.

"ताई, दार उघड."

तिनं कडी आणखी घट्ट धरली.

"ताई, समई विझली. उघड ना."

थापा वाढल्या. अनुश्री कप ठेवून धावत आली. "वन्सं, हे काय? काढा कडी."

"हात लावशील तर याद राख," विनोदिनी म्हणाली. अनुश्री जागीच थांबली. नणंदेचा असा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता.

"दीदी, मज़ाक छोड़िए, खोल दीजिए," हिरालालजी म्हणाले.

"खोलते न. एक गोष्ट विचारायची आहे, ते झालं की खोलते."

"पाणी!" आतून निरंजन किंचाळला. साहेबाचा आवाज नव्हता तो. रात्री स्वप्नात घाबरून तिच्या पोटाशी येणाऱ्या पोट्ट्याचा होता. "ताई, पाणी येऊन राहिलं! गुडघ्याले लागलं!"

"नळच नाही तिथं," अनुश्री पुटपुटली. निधीनं खाली बघितलं आणि मागं सरली. दाराच्या फटीतून पाण्याची बारीक जीभ बाहेर आली होती. फरशीवर जिथं जिथं ती सुकली तिथं पांढरं राहत होतं.

आणि मग सगळ्यांनीच ऐकलं. निरंजनच्या दोन्ही हातांच्या थापा एकीकडे, आणि त्याच्या मधून, वेगळं, शांत. टकटक. टक.

विनोदिनी वळली आणि जाळीला डोळा लावला.

अंधार होता. पण जाळीतून गेलेला उजेड निरंजनच्या तोंडावर पडत होता, हनुवटी वर उचललेली, जणू पाणी गळ्याशी आलं आहे. त्याच्या मागं कोणाचं तोंड दिसत नव्हतं. फक्त एक हात दिसला, खांद्यामागून आलेला. फुगलेला, फटफटीत, करंगळी वाकडी. लहानपणी चिंचेवरून पडून मोडलेली ती करंगळी तिनंच हळद-तेल लावून बांधली होती, वाकडीच जुळली. तो हात दार ठोकत नव्हता. निरंजनच्या पाठीवर ठोकत होता.

ती किंचाळली नाही. ती जाळीशी तोंड नेऊन, अगदी हळू, झोपलेल्याला उठवावं तसं बोलली.

"निरू, तुले ऐकू येत होतं ना रे तेव्हा?"

"येत होतं! मले ऐकू येत होतं! दार खोललं असतं तर जहाज..."

"ते राहू दे. ते मी समजू शकते." तिची बोटं कडीवर पांढरी पडली. "पण व्हॉल्व्ह. बंद करायचं काम कोणाचं होतं? अच्युत आत जाण्याआधी, बंद केला म्हणून त्याले कोणी सांगितलं?"

आतून पाण्याचा गुळगुळ आवाज आला. अनुश्री रडत कडीवर झेपावली, तर निधीनं तिला मागून धरलं. "रुक जाओ, मम्मी," ती म्हणाली, आणि मग, जन्मात पहिल्यांदा, मोडक्या मराठीत, "त्यांना सांगू दे."

हिरालालजींच्या हातातला कप कलंडून चहा धोतरावर सांडला होता. त्यांना पत्ता नव्हता. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला होता.

"नाव घे," विनोदिनी म्हणाली. "सत्कारात घेत होता तसं. मोठ्यानं. लोक ऐकून राहिले."

ठोकणं थांबलं.

मग दारापलीकडून दोन आवाज एकदम आले; एक बुडणाऱ्याचा, धापा टाकणारा, आणि दुसरा कोवळा, फार दिवसांनी वापरलेला. 'मी' असं त्यातलं कोणी म्हणालं नाही. 'मामा' असंही कोणी म्हणालं नाही. दोघांनी नुसतं नाव घेतलं, स्पष्ट, अख्ख्या घराला ऐकू जाईल असं:

"निरंजन."